संख्येच्या आड गेलेली नावे

(सातारा जिल्ह्यातील माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



आपल्या सातारा जिल्ह्यात किंवा घाट उतरून कोकणात गेले, की एखाद्या जुन्या चावडीच्या, शाळेच्या अथवा देवळाच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी संगमरवरी फरशी दिसते. बहुधा तिच्यावर चुन्याचे चार हात बसलेले असतात. नखाने थोडे खरवडले तर इंग्रजी अक्षरे उमटतात. त्यांचा भावार्थ सर्वत्र एकच : या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. फरशी संपली! कोण गेले, कोणाचा मुलगा गेला, कोणत्या वाडीचा गेला, यातले एक अक्षरही तिच्यावर नाही. साहेबाने गावाला एक आकडा दिला आणि गावाने तो चुन्याखाली झाकून टाकला. दोघांनी मिळून माणसाला विस्मृतीत ढकलले.

आपल्याच जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. आजही तेथे सैन्यात कोणीच नाही असे घर शोधावे लागते. अपशिंग्याने आपला स्मृतिस्तंभ जपला, त्याच्यासमोर मुले वाढवली, म्हणून त्या गावाची गोष्ट जिवंत राहिली. परंतु असे भाग्य किती गावांना लाभले? वीस गेले आणि चार परतले नाहीत अशी फरशी ज्या गावात आहे, त्या गावातील तरुणाला ते चार कोण होते असे विचारून पाहा. तो गोंधळून आपल्याकडे पाहत राहतो. दोष त्याचा नाही. त्याला कोणी सांगितलेच नाही.

ही केवळ खेड्यातल्या फरशीची कथा असती तर मी इतका वेळ घेतला नसता. इराकमध्ये बसऱ्याला एक भव्य युद्धस्मारक आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि ज्यांची कबर वा चितास्थान ज्ञात नाही अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक. सद्दाम हुसेनच्या आदेशावरून १९९७ साली ते मूळ जागेवरून उचलून वाळवंटात नेऊन उभे केले गेले. या स्मारकाच्या शिलाफलकांवर ब्रिटिशांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. मात्र हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली फक्त ‘आणि इतर इतके’ अशी संख्या आली. ज्या स्मारकात सर्वाधिक मृत आपले, त्या स्मारकात आपलेच बिननावाचे!

हे मी रागाच्या भरात बोलत नाही. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच एक अहवाल प्रसिद्ध केला. आशिया आणि आफ्रिकेतील सुमारे ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने केले गेले नाही. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावे कोठे नोंदवलीच गेली नाहीत, असे त्या अहवालात मान्य केले आहे. आयोगाने क्षमा मागितली, ब्रिटिश सरकारने पार्लमेंटात दिलगिरी व्यक्त केली. शंभर वर्षांनी का होईना, कबुली आली. पण त्यांच्या कबुलीने आपल्या घरातले नाव परत येत नाही. ते आपल्यालाच आणावे लागेल.

आपल्या परंपरेत नावाचे मोल केवढे आहे पाहा. पितृपक्षात तर्पण करताना गुरुजी पहिला प्रश्न विचारतात तो नाव आणि गोत्राचा. नाव उच्चारून ओंजळीतले पाणी सोडायचे. आणि भाद्रपद वद्य चतुर्दशीला पंचांगात काय लिहिलेले असते? शस्त्रादिहत पितरांचे श्राद्ध. शस्त्राने ज्यांना मरण आले त्यांच्यासाठी आपल्या पूर्वजांनी पितृपक्षातला एक संपूर्ण दिवस राखून ठेवला. आपण मात्र सर्वपित्रीला सगळे एकत्र आटोपतो. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराजवळ शेंदूर फासलेले वीरगळ असतात. त्यांतले बहुतेक कोणाचे हे आज कोणीच सांगू शकत नाही. तेव्हा नावे विसरण्याचा दोष केवळ साहेबाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आता ते गेले कोठे आणि त्यांनी सोसले काय, हे थोडे पाहू. पहिल्या महायुद्धात सुमारे ११ लाख हिंदी माणसे समुद्रापार गेली. ७० हजारांहून अधिक परत आली नाहीत. फ्रान्स, पूर्व आफ्रिका, इजिप्त, गॅलिपोली. परंतु महाराष्ट्राच्या वाट्याला प्रामुख्याने आले ते मेसोपोटेमिया. तेथे प्रथम उतरलेल्या डिव्हिजनचे नावच मुळी ‘पुणे डिव्हिजन’. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. बसऱ्याहून तैग्रिसच्या काठाकाठाने त्या बगदादच्या उंबरठ्यापर्यंत गेल्या, टेसिफोनला रक्तबंबाळ होऊन मागे फिरल्या आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत या नदीच्या वळणावरच्या गावात वेढल्या गेल्या. वेढा १४७ दिवस चालला.

या १४७ दिवसांत तलवारीपेक्षा भुकेने अधिक माणसे खंगली. भाजीपाला संपला आणि आपल्या जवानांच्या हिरड्या सुजून दात हलू लागले. स्कर्व्ही म्हणतात तो रोग. पुढे घोडे कापून खाण्याची वेळ आली. आपल्या शिपायांनी ते मांस नाकारले. देशातून धर्माचार्यांच्या संमतीचे निरोप मागवण्यात आले, तरी अनेकांचे मन धजेना. ज्यांनी कधी एकादशी मोडली नाही, अशी वारकरी घरातली मुले त्यांत होती हे लक्षात घ्या. सोडवणुकीसाठी आलेल्या फौजांनी वेढ्याबाहेर हजारो माणसे गमावली, तरी तट फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले आणि सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या हाती लागले. मग सुरू झाली ती वाळवंटातली पायपीट. अनवाणी, पाण्यावाचून, पुढे अनातोलियाच्या रेल्वेच्या कामापर्यंत. वाटेत जो पडला तो पडला. सेनापती टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सुखरूप राहिले. इतिहासाला असे विनोद करण्याची सवय आहे.

या बंदिवासातून शिशिर सर्बाधिकारी नावाचा एक बंगाली तरुण वाचला. तो रुग्णसेवा पथकात होता, शिकलेला होता. त्याने टिपणे जपून ठेवली आणि पुढे ‘अभी ले बगदाद’ हे पुस्तक लिहिले. म्हणून बंगालला आपली माणसे दिसली. आमच्या मावळातला, माणदेशातला शिपाई अंगठा उठवणारा. तो परत आला तर त्याने ओसरीवर बसून चार रात्री गोष्ट सांगितली, आणि परत आला नाही तर तीही नाही.

माझ्या आजीच्या एका चुलतीची हकिकत घरात फार हळू आवाजात सांगत. तिचे यजमान ‘बसऱ्याला’ गेले. पहिले दीड वर्ष मनिऑर्डर आली, मग थांबली. मृत्यूचे पत्र आले नाही, माणूसही आला नाही. कुंकू पुसावे तर जिवंत नवऱ्याचा अपशकुन, ठेवावे तर गावाची जीभ. ती म्हातारी होऊन गेली तोवर कपाळावर चिरीसारखे बारीक कुंकू होते. सरकारी भाषेत याला ‘बेपत्ता’ म्हणतात. रणांगणावर किती बेपत्ता झाले याची गणती निदान कोठेतरी झाली. अशा कपाळांची गणती कोणी केली नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. आपल्यातलेच काही सुशिक्षित तरुण विचारतात, “काका, हे लोक इंग्रजाच्या पगारावर इंग्रजाच्या राजासाठी लढले. आपण राष्ट्रवादी माणसे. आपण त्यांचा गौरव कशासाठी करायचा?” प्रश्न कठोर असला तरी प्रामाणिक आहे.

होय, शिपायाला महिना ११ रुपये पगार होता. माणदेशात पावसाने पाठ फिरवली की त्या ११ रुपयांवर घर जगत असे. साम्राज्याची ध्येये त्याने कधी वाचली नव्हती. त्याला कळत होते ते इतकेच, की आपण मीठ खाल्ले आहे, आणि शेजारी उभा आहे तो आपल्याच खोऱ्यातला सोबती आहे. त्याला टाकून पळणे हे पाप. युद्ध पुकारणाऱ्याचा हेतू आणि खंदकात उभ्या असलेल्याचे शील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साम्राज्याचा निषेध करण्यासाठी आजोबांचा अव्हेर करावा लागत नाही.

लोकमान्यांनी हे नेमके ओळखले होते. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरवली. टिळक बोलावयास उभे राहिले आणि राष्ट्राच्या हक्कांचा विषय काढताच त्यांना अडवण्यात आले. ते सभा सोडून निघून गेले. सैन्यभरतीला त्यांचा विरोध नव्हता. हिंदी तरुणाला अधिकाऱ्याचा दर्जा द्या, बरोबरीने वागवा, मग माणसे उभी करतो, अशी त्यांची भूमिका होती. पन्नास हजारांचा धनादेश अटीसह गांधीजींकडे पाठवण्यापर्यंत त्यांनी ती ताणली. पुढच्या पिढीत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू तरुणांना सैन्यात शिरण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मतभेद असू द्यात. पण जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये तीन हिंदी अधिकारी आपापल्या पलटणींचे नेतृत्व करीत होते : थिमय्या, सेन आणि आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. चार वर्षेही लोटली नाहीत तोच, १९४७-४८ मध्ये, काश्मीर खोऱ्यात हल्लेखोरांना शालटेंगला पिटाळणारी ब्रिगेड याच सेन यांची होती आणि झोजिला खिंडीत रणगाडे चढवण्याचा निर्णय याच थिमय्यांचा होता. परक्या राजाच्या चाकरीत शिकलेली विद्या स्वतंत्र देशाच्या पहिल्याच संकटात कामी आली.

आणि ज्यांच्या घरातून आजोबा आझाद हिंद सेनेत गेले, त्यांनी या मेळाव्यात संकोचून बसू नये. सिंगापूर पडल्यावर एकाच पलटणीतले दोन मित्र दोन वाटांनी गेले. एक नेताजींच्या ध्वजाखाली, दुसरा जपानी छावणीत उपाशी राहून जुन्या शपथेला चिकटून. त्या दोघांच्या नातवंडांनी आज एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहण्याचे काय कारण?

दुसऱ्या महायुद्धातली दोन नावे तरी आपल्या मुलांना मुखोद्गत हवीत. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. वय अवघे २२. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या तडाख्यात सापडली. त्यांच्याखेरीज सारे मेले वा जखमी झाले. हा मुलगा एकटा धावत गेला, हातगोळ्याने ती तोफ बंद पाडली, एकाला गोळी घातली, बंदूक पुन्हा भरण्यास उसंत नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले, आणि आडोशातल्या नेमबाजाच्या गोळीने तेथेच कोसळला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. देह सापडला नाही. कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी पाण्यातून, सुरुंगाच्या शेतातून पलीकडे आणले, हाताला जखम होऊन गोळी झाडता येईना तेव्हा हातगोळे वापरून, मशीनगनची एकूण तीन ठाणी गप्प केली, आणि मग बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत साऱ्या फौजेला पुढे बोलावले. ती गर्जना कोणाच्या नावाची, हे या सभागृहात मी सांगावयास नको.

घाडग्यांचा पुतळा माणगावात आहे. परंतु जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या डोंगरी गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर कोरले आहे. त्या गावकऱ्यांचे ना आपल्याशी नाते, ना भाषेचा संबंध. आपल्या डोंगरावर परदेशी पोरगा मेला, एवढे त्यांनी एकोणऐंशी वर्षे विसरू दिले नाही. आपण आपल्या गावातल्या फरशीवरचा चुना तरी खरवडतो का?

आता एका अवघड जागेकडे वळतो. आपण गौरव करतो तो बहुधा पदकवाल्यांचा. पलटणीमागे पखाल घेऊन चालणारा भिस्ती, खेचरवाला, स्ट्रेचर उचलणारा, न्हावी, धोबी, मेहतर, रस्ते करणारा मजूर यांचे काय? आपल्या भाषेत त्यांच्यासाठी पानपतापासून चालत आलेला एक शब्द आहे, ‘बुणगे’. त्या शब्दातच तुच्छता आहे. इंग्रजानेही तीच केली. लढवय्या शिपायाला महायुद्धाचे पदक चांदीचे दिले, या लोकांना तेच पदक काशाचे. अडगळीत कोणाला असे काळपटलेले पदक सापडले तर ते खोटे समजून टाकून देऊ नका. ते चांदीच्या पदकाइतकेच खरे आहे.

महार समाजाची तर भरतीच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. ‘लढवय्या जाती’ नावाचे एक खूळ त्यांच्या डोक्यात शिरले होते. शिवकालापासून गड राखणाऱ्या समाजाला, सुभेदारांच्या घराण्यांना एका फटकाऱ्यात लष्कराबाहेर काढले. युद्धात माणूस कमी पडला तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली, गरज सरताच मोडली. सुभेदार रामजींचे चिरंजीव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अन्याय धसास लावला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. गावाची स्मरणशिला उभारताना वेशीच्या आतली नावे आणि वेशीबाहेरची नावे असा भेद करणार असाल, तर कृपा करून शिला उभारूच नका. खंदकात एकाच मातीत पडलेले लोक आहेत ते.

कोकणातले आपले खलाशी असेच दुर्लक्षित. मुंबईत मशीद बंदराजवळ खलाशांच्या निवासगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. रोज हजारो माणसे त्या रस्त्याने जातात. बोटीच्या पोटात कोळसा ओढणाऱ्या या माणसांत रत्नागिरीचे हिंदू होते, मुसलमान होते. पाणतीराने धर्म विचारला नाही.

तेव्हा करायचे काय? फार मोठे काही नाही. लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात पडून असलेल्या पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी ब्रिटनमधल्या पंजाबी मंडळींनी चिकाटीने संगणकावर आणल्या. नोव्हेंबर २०२१ पासून त्या लोकांसमोर येऊ लागल्या आणि नातवंडांना पणजोबा सापडले. आपण आपल्या घरापासून आरंभ करू.

पहिल्या महायुद्धाचे पदक असेल तर त्याची कड पाहा. तेथे बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदकाला ब्रासो लावून चकचकीत करू नका, अक्षरे झिजतात. (किती पदकांची चांदी वितळवून पैंजण झाले, याचा हिशेब सराफच देऊ शकतील, त्या घरांना मी नावे ठेवत नाही, दुष्काळ होता.) दुसऱ्या महायुद्धातल्या माणसाचे डिस्चार्ज बुक सापडले तर अर्धे काम झाले. नंबर आणि पलटण कळली की मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी येथील केंद्राशी पत्रव्यवहार करता येतो. वाट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जाते. युद्धसमाधी आयोगाची नामावली आता संगणकावर कोणालाही पाहता येते. तीत पुष्कळ ठिकाणी बापाचे नाव आणि गावही आहे. मात्र इंग्रज कारकुनाने आपली नावे कानाला आली तशी लिहिली आहेत, तेव्हा एकच आडनाव चार-पाच तऱ्हांनी शोधावे लागते. नाही सापडले म्हणून लगेच हात टेकू नका.

आणि सर्वांत निकडीचे म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. दुसऱ्या महायुद्धावर गेलेला सैनिक आज क्वचितच हयात आहे. पण त्याची मुलगी, धाकटी सून, पुतण्या आहे. आत्याबाईंना शेजारी बसवून विचारा : आजोबा झोपेत काय बडबडत? कोणता पदार्थ खात नसत? कोणत्या मित्राचे नाव घेऊन रडत? अशा बोलण्यात जे येते ते पलटणीच्या दप्तरात कधीच नसते. मोबाइलवर त्यांचा आवाज उतरवून घ्या, त्याखाली तारीख लिहा.

आजच्या मेळाव्याला काही भगिनी पदके, पत्रे, जुनी छायाचित्रे घेऊन आल्या आहेत असे संयोजकांनी सांगितले. दाराशी डाव्या हाताला एक टेबल मांडले आहे. त्यावर भिंग आहे, पलटणीचे दोन निवृत्त सुभेदार बसले आहेत आणि एक कोरी वही आहे. प्रत्येकाने आपल्या माणसाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि गाव त्या वहीत लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे शाळेची मुले लिहून घेतील. चहा त्यानंतर आहे, पण घाई नाही. सभागृह सायंकाळी सातपर्यंत आपल्याकडे आहे.